पांढऱ्या बुटांवाला

अगं टिली, तू आधी फक्त ऐक. मधे बोलू नकोस. मला हे एका दमात सांगायचंय, कारण मधे थांबले की मी माझीच बाजू घ्यायला लागते. कालपासून तेच चाललंय.

तुला आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून थोडं मागून सुरू करते. सीझन सुरू व्हायच्या आधी किर्बी पार्कवर जो सराव चालतो तो बघायला मी जाते, हे तुला माहितीये. मॅच बघायला लोक जातात, पळणारी माणसं बघायला कोण जातं, असं तूच म्हणाली होतीस. तर आम्ही जातो. चार-पाच टाळकी आहोत. आपला क्लब काही मोठ्या लीगमधला नाही, एक पायरी खालचा. पोरं दिवसा टायर बदलतात, शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी येऊन पळतात. पण क्लबच्या चाहत्यांच्या ऑनलाइन फोरमवर चौदाशे माणसं आहेत. कोणी तिकडे पर्थजवळ खाणीत, कोणी गुडघा बदलून घरी पडलेलं. त्यांना सगळं हवं असतं. नाताळात कोणाचं पोट सुटलं, कोणाची लाथ लांब जातेय, कोण कोणाशी बोलत नाही. ते मी लिहिते. तीन वर्षं झाली. बेकरीतली पहाटेची पाळी संपवून, कानात पीठ असतं तशीच जाते.

माझ्या शेजारी क्लेम असतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर ट्राम चालवली, आता घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन कठड्याच्या एकाच खांबापाशी बसतो. त्याच्याकडे साधा फोनसुद्धा नाही. मला सगळं त्याने शिकवलं. एक गोष्ट तर शंभरदा सांगितली असेल, की पोरी, बुटांकडे बघू नकोस, माणूस कसा पळतो ते बघ. आणि मी शंभरदा हो हो म्हणाले.

आता मुद्द्याचं. सरावाला जी पोरं संघाच्या यादीत नसतात, नुसती अजमावून बघायला बोलावलेली असतात, त्यांच्या पाठीवर नंबर नसतो. कोरं राखाडी बनियन. आम्ही त्यांना बिननंबरी म्हणतो. यंदा यादीत एकच जागा उरली होती आणि बिननंबरी दोन होते. एक कोल्बी. एकोणीस वर्षांचा, मिल्ड्युराच्या पलीकडून सहा तास गाडी चालवून आलेला, नोव्हेंबरपासून मावसभावाच्या सोफ्यावर झोपतोय. त्याचे बूट पांढरेशुभ्र, घासून-पुसून, लांबून चमकायचे. दुसरा रीस. सत्तावीस वर्षांचा, प्राथमिक शाळेत खेळाचा मास्तर, ओळीने तिसऱ्या वर्षी आलेला. दोनदा शेवटच्या आठवड्यात घरी पाठवलाय त्याला. यंदा नाही झालं तर परत कोण बोलावतंय. उद्या गुरुवारी संध्याकाळी दोघांपैकी एकाला नंबर मिळणार. समजलं एवढं? बास, एवढंच समजायला पाहिजे.

तर गेल्या शनिवारी सकाळी. आठवतंय ना काय ऊन होतं? अडतीस, वर तो उत्तरेचा भाजणारा वारा, माश्या तोंडात जात होत्या. मिक प्राउसने, म्हणजे आपल्या कोचने, तीनशे मीटरचे दहा फेरे लावले. तो क्लबहाउसच्या बाजूला घड्याळ धरून उभा. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, नाकाला पांढरं मलम, सगळे सारखेच दिसत होते. आठव्या फेरीला पार पलीकडे, रेल्वेच्या बाजूच्या गोलपोस्टपाशी, पांढरे बूट थांबले. मी बघितलं. तो वाकला, नाडी बांधतो तसा, पण हात नाडीला नव्हता, डाव्या मांडीच्या मागे होता. मग मान वर करून प्राउस बघतोय का ते बघितलं. नव्हता बघत. कोणीच नव्हतं बघत, क्लेमसुद्धा लघवीला गेला होता. चार पावलं चालला आणि परत पळायला लागला.

टिली, मला काय आनंद झाला सांगू. तुला वाईट वाटेल ऐकून, पण झाला. अख्ख्या मैदानात फक्त मला दिसलं होतं. घरी येऊन पहिल्या ओळीत टाकलं. कोल्बीने पळताना डावी मांडी धरली, लपवत होता, गुरुवारचं अवघड दिसतंय. दोनशे लोकांनी शाबासकी दिली. खाणीतला तो एक जण म्हणाला, ब्रॉनी, तुझे डोळे म्हणजे डोळे.

काल मंगळवार. संध्याकाळचा शेवटचा सराव, त्यात आपसातली मॅच. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, खरीखुरी टक्कर. प्राउस जे ठरवतो ते याच मॅचवरून. मी साडेपाचला पोचले, हातात सॉसेज रोल, क्लेमला अर्धा दिला. आणि बघते तर कोल्बी पाण्याच्या बाटल्या उचलतोय. बाकीचे अंग गरम करतायत आणि हा बाटल्यांचा ट्रे घेऊन कडेकडेने फिरतोय. तसाच फिरत फिरत माझ्यासमोर येऊन थांबला. बिननंबरी पोरं कधी आमच्याकडे येत नाहीत, नजरसुद्धा देत नाहीत. आणि हा म्हणतो, "तूच ब्रॉनी का गं?"

मी हो म्हणाले. मला वाटलं शिव्या घालणार. नाही घातल्या. ट्रे खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि इतक्या हळू बोलला की मला कठड्यावरून वाकावं लागलं.

"शनिवारी तो मी नव्हतो. बूट माझे होते, मी नव्हतो."

झालं होतं असं, की शनिवारी कपडे बदलताना रीसच्या बुटाचा सोलच सुटून हातात आला होता. दोघांचं माप एक. कोल्बीने स्वतःचे पांढरे त्याला दिले आणि आपण जुने काळे घातले. ज्याच्याशी स्पर्धा त्याला स्वतःचे चांगले बूट. मी विचारलं का रे दिलेस, तर म्हणाला त्याचे तुटले होते ना.

आणि मग रविवारी प्राउसचा फोन. आता हे ऐक. प्राउस फोरम वाचत नाही. त्याची सासू वाचते. व्हॅल. ती पण येते प्रत्येक सरावाला, पण उतरत नाही, गाडी कठड्याला तोंड करून लावते, काचा बंद, आत एसी, आणि गोल झाला की हॉर्न मारते. सरावातल्या गोललासुद्धा. तर व्हॅलने जावयाला माझा रिपोर्ट वाचून दाखवला, जावयाने कोल्बीला विचारलं मांडी लपवतोयस का. कोल्बी म्हणाला, नाही, मला काही झालेलं नाही. पण लपवणारा पोरगाही नेमकं हेच म्हणणार ना? आणि आपला फिजिओ येतो गुरुवारी. म्हणून प्राउसने ठरवलं, धोका नको, मंगळवारी बाटल्या उचल. म्हणजे फिजिओने गुरुवारी पास केलं तरी काय उपयोग, मॅच तर होऊन गेलेली. प्राउस कोणाला बघून नंबर देणार?

मी म्हणाले, मग सांग ना त्याला की रीस होता. तर त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, मी जणू त्याला कोणाच्या खिशात हात घालायला सांगितलं. म्हणाला मी नाही चुगली करणार. आणि तूही त्याचं नाव मधे आणू नकोस. तू फक्त एवढं लिही की तो मी नव्हतो. प्राउसने हाक मारली आणि तो ट्रे उचलून गेला.

मी वही काढली, शनिवारचं पान. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पांढरे बूट, डावी मांडी, उजवा खांदा वर, दमलाय?' उजवा खांदा वर. टिली, उजवा खांदा वर करून अख्ख्या क्लबात फक्त रीस पळतो. खांद्याने झाडाची फांदी बाजूला सारत पळाल्यासारखा. मी बघितलं होतं. लिहिलंसुद्धा होतं. आणि तरी बुटांनाच कोल्बी म्हणाले. क्लेमने माझ्या हातातली वही वाकडी करून वाचली, ती ओळ वाचली, मैदानावर रीसकडे बघितलं, आणि चहा ओतला. 

मॅच सुरू झाली. मला बसवेना. कठड्याला धरून त्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे. लिहायचं तर होतंच, पण कसं लिहू? तो कोल्बी नव्हता एवढंच लिहिलं तरी शेंबडं पोरही विचारेल मग कोण. आणि कोल्बीच्या मापाचा, शनिवारी बूट तुटलेला असा एकच, हुडकत हुडकत सगळे रीसवर येणार. नाही लिहिलं तर कोल्बी बाटल्या उचलतच राहणार. आणि वेळ चाललाय. पंधरा मिनिटं गेली. आणि रीस काय खेळत होता माहितीये? स्वतःच्या जुन्या बुटांना सोलभोवती चिकटपट्टी गुंडाळून खेळत होता आणि जीव तोडून खेळत होता. एकदा दोन माणसांच्या खांद्यावर गुडघे टेकून वर गेला आणि वरच्या वर चेंडू हातात पकडला, आपल्या खेळात चालतं ते, अस्सा, हवेत थांबल्यासारखा. क्लेमने शिट्टी मारली. व्हॅलने गोल नसताना हॉर्न मारला. मी मात्र त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. खाली उतरला आणि एक पाऊल, फक्त एक, लहान टाकलं.

पहिल्या सुट्टीत तो चेहऱ्यावर पाणी मारायला नळापाशी आला, माझ्यापासून पाच हातांवर. मी गेले. म्हटलं, रीस, शनिवारी पांढरे बूट तुझ्या पायात होते. त्याने नळ बंद नाही केला. म्हणाला, आधी थोडं ओढल्यासारखं झालं होतं, आता ठीक आहे. मी म्हटलं मग प्राउसला तूच सांग, आत्ता, तिकडे त्या पोराचं नुकसान होतंय. त्याने मान वळवून कोल्बीकडे बघितलं. मला वाटलं जाईल. खरंच वाटलं.

मग म्हणाला, "एकच मॅच गं. तीन वर्षं झाली मला या एका मॅचसाठी."

आणि पळत गेला मैदानात. उजवा खांदा वर.

दुसरा भाग सुरू झाला आणि मी फोन काढला. तीनदा चुकलं, तीनदा पुसलं. लिहिलं, 'शनिवारी मांडी धरणारा कोल्बी नव्हता. बूट त्याचे होते, पाय दुसऱ्याचे. चूक माझी. ब्रॉनी.' पाठवून दिलं. नाव नाही लिहिलं. मला वाटलं मी फार हुशारी केली.

दोन मिनिटं झाली नसतील, व्हॅलचा हॉर्न. गोल नाही, काही नाही, नुसता हॉर्न, थांबेचना. सगळे वळून बघायला लागले. प्राउस तणतणत गाडीपाशी गेला, काच खाली झाली, आतून फोन बाहेर आला. त्याने वाचलं. मग त्याने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि मैदान अर्धं ओलांडून सरळ माझ्याकडे चालत आला. मला तीन वर्षांत या माणसाने साधी मान डोलावली नव्हती. मागून सगळी पोरं उभी, कमरेवर हात. रीस तिथेच. कोल्बी ट्रे घेऊन गवताकडे बघतोय.

प्राउस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मला कोणाला ओरडायचं नाहीये. पण दुखऱ्या पायाने कोणी खेळत असेल तर मला कळलं पाहिजे. कोण होता तो?"

आधी त्याने क्लेमकडे बघितलं. क्लेम म्हणाला, मी त्या वेळी मुतायला गेलो होतो मिक, या वयात आठव्या फेरीपर्यंत दम निघत नाही. पोरं हसली. प्राउससुद्धा हसला. आणि ते खरंच होतं ना. क्लेमकडे सांगण्यासारखं खरं होतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वही माझ्या हातात होती. बोट त्याच पानात.

मी रीसकडे बघितलं. तो नाही म्हणत नव्हता, विनवणी करत नव्हता, काहीच करत नव्हता. नुसता उभा होता आणि डाव्या पायावर अजिबात भार नव्हता. हे मी बघितलं टिली. हे मला आत्तासुद्धा दिसतंय. कोल्बीने किंचित मान हलवली, नको म्हणून. ज्याचं नुकसान झालं होतं तोच नको म्हणत होता. आणि मी म्हणाले, "मला फक्त बूट दिसले."

 प्राउसने माझं बोट बघितलं, वहीत घातलेलं. मग बरं म्हणाला, वळला, आणि कोल्बीला म्हणाला ट्रे ठेव, आत ये. आता तुला वाटेल चांगलंच झालं की, दोघेही खेळले. मला पण वाटलं. पाच मिनिटं मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेला सॉसेज रोल खाल्ला. कोल्बी थंड अंगाने आत गेला, पहिले दोन चेंडू हातातून निसटले, मग लागला खेळायला. रीस एका टोकाला, तो दुसऱ्या. अगदी बरोबरीचं. क्लेम मात्र चहाचा कप रिकामा झाला तरी ओठाला लावून बसला होता.

शेवटचा भाग, चारेक मिनिटं उरलेली. चेंडू लांब आला, टप्पा पडून आमच्या कठड्याकडे उडाला. तुला माहितीये तो चेंडू लांबट असतो, कसाही उडतो. रीस त्याच्या मागे सुटला, पूर्ण जोरात, सरळ माझ्याकडे. आणि माझ्यापासून या टेबलाएवढ्या अंतरावर, मी शपथ घेऊन सांगते, मी आवाज ऐकला. ओली फांदी मोडते तसा. तो हवेतच डाव्या मांडीमागे हात घालून पडला. चेंडू तसाच पुढे गेला, मागून येणाऱ्या कोणीतरी उचलला, लाथ मारली आणि गोल. आणि व्हॅलने हॉर्न मारला. तिला काय माहीत, ती गोलकडे बघत होती. तो पडलेला आणि हॉर्न वाजतोय.

सगळ्यांत आधी कोल्बी आला. त्याच्या पायात ते पांढरे बूट, माझ्या डोळ्यांसमोर. त्याने रीसच्या बगलेत हात घातला, दुसऱ्या बाजूने प्राउसने. उचलताना रीसचं तोंड माझ्याकडे झालं. रडत नव्हता. घामाने सगळं मलम डोळ्यांत गेलं होतं. म्हणाला,

"आता लिही."

बास, एवढंच. आणि नेला त्याला.

आज सकाळी बेकरीत कळलं. स्नायू हाडापासून सुटलाय, ऑपरेशन आहे, शाळेत उभं राहून शिकवायलासुद्धा तीन-चार महिने जातील. फोरमवर ऐंशी जण विचारतायत रिपोर्ट कुठे आहे. कोल्बीचा मेसेज आलाय. उद्या नंबर मिळाला तर मी घेऊ का गं, असं विचारतोय. मला विचारतोय. मी क्लेमच्या घरी गेले होते, म्हटलं क्लेम, मी चुकले का. तो म्हणाला, पोरी, तू नाव सांगितलं असतंस तर आज रीस धडधाकट असता आणि त्या कठड्यापाशी तुझ्याशी कोणी बोललं नसतं. मी म्हटलं, तू बोलला असतास का? तर तो किटली ठेवायला उठला आणि साखर किती घालू विचारलं. तीन वर्षं रोज मला चहा देतोय गं तो.

मी एका शब्दाने थांबवू शकले असते त्याला. प्राउस समोर उभा होता, विचारत होता, ओरडतही नव्हता. आणि मला दिसत होतं कोणत्या पायावर भार नाही.

आता बोल. पण लगेच बोलू नकोस, आधी ते मैदान डोळ्यांसमोर आण, सगळे बघतायत, रीस बघतोय, कोल्बी नको म्हणतोय, वही तुझ्या हातात आहे. तू असतीस तर काय सांगितलं असतंस प्राउसला?